वळवटाचा पास्ता

ज्या पदार्थात जिन्नस कमी, त्यात लबाडीला वाव कमी. साधं वरण घ्या. डाळ जुनी असली तर पहिल्याच घासाला ते चुगली करतं. त्याच डाळीला गोडा मसाला, आमसूल, गूळ घालून आमटी केली की ती बिनबोभाट खपते. टोमॅटोचा साधा पास्ता हा या वरणाच्याच पंगतीत बसणारा पदार्थ. गहू, टोमॅटो, लसूण, तेल, मीठ आणि चार हिरवी पानं, एवढाच त्याचा संसार. यातलं एकही बेचव निघालं तर ते झाकायला दुसरं काही हाताशी नसतं. म्हणून सेंद्रिय भाजीपाल्यावर चार पैसे जास्त घालवायचेच असतील, तर ते पास्त्यासारख्या पदार्थावर घालवावेत असं माझं मत आहे. छोले-पनीरच्या मसाल्यात सेंद्रिय टोमॅटो घालणं म्हणजे बंद खोलीत अत्तर लावून बसणं.

हे मत पुष्कळांना पटत नाही, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांची पास्त्याशी गाठ पडली ती लग्नाच्या हॉलमध्ये. पांढरी उंच टोपी घातलेला मुलगा विचारतो, ‘रेड, व्हाइट की पिंक?’ सकाळीच उकडून तेल चोळून ठेवलेली पेने परातीत गारठलेली असते. मग मोठ्या जाळावर सिमला मिरची, मक्याचे दाणे, कसलीशी लाल पेस्ट, भरपूर क्रीम, त्यावर चीजचा पाऊस आणि शेवटी ऑरेगॅनोच्या पुड्या. रांगेत पुढे लहान मुलं, मागे त्यांच्या आया. सगळा प्रकार खाऊन झाल्यावर पास्ता कशाचा होता हे कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. आणि मग घरी कुणी पास्ता करतो म्हणालं की ताबडतोब शेरा येतो, ‘मैदा आहे तो, पोटाला चिकटतो.’

आणि याच लग्नघरात, हॉलची तारीख बघायच्याही आधी, पूर्वी मुहूर्त लागायचा तो गव्हल्यांचा. चांगला दिवस पाहून सवाष्णी जमायच्या, हळदकुंकू व्हायचं, आणि पहिले चार गव्हले वळले की कार्याला हात लागला असं समजायचं. अजूनही काही घरांत हे होतं. बहुतेक ठिकाणी मात्र विकत आणलेले गव्हले रंगवून रुखवतात मांडतात आणि त्यांचे फोटो काढतात. म्हणजे ज्या कार्याची सुरुवात हातावर वळलेल्या रव्यानं होते, त्याच कार्याच्या जेवणात रव्याचा हा परदेशी भाऊबंद नवलाई म्हणून रांग लावून खाल्ला जातो, आणि त्या दोघांची ओळख कुणी करून देत नाही.

माझी आत्या कृष्णाकाठची, कराडजवळच्या गावातली. चैत्र-वैशाखात दुपारची जेवणं उरकली की तिच्या माजघरात वळवटाचा कारखाना सुरू व्हायचा. बारीक रवा घट्ट भिजवून ओल्या फडक्याखाली मुरत ठेवलेला असायचा. तो पाट्यावर चेचून चेचून मऊ करायचा, तुपाचं बोट लावायचं आणि लहान लहान गोळ्या वाटून घ्यायच्या. मग प्रत्येकीची बोटं आपापल्या चालीनं चालायला लागायची. चिमटीत पिठाची बारीक वात धरून गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा पीळ देऊन तोडला की गव्हला. बोटावर वळले की बोटवे. अंगठ्याच्या नखावर दाबून वाटीसारखे केले की नखुले. मालत्या सगळ्यांना जमत नसत. त्या आत्या स्वतः करायची. सुपाच्या पाठीवर पसरलेला हा सगळा ऐवज वाळून खडखडीत झाला की डब्यात जायचा आणि वर्षभर खिरीला पुरायचा.

माझी थोरली जाऊ नागपूरकडची. तिच्याकडे याच पिठाची लांब दोरी बारीक काडीभोवती गुंडाळून सरगुंडे करतात. काडी ओढून घेतली की पोकळ पिळाचं वेटोळं उरतं. उन्हाळ्यात ते उकडून आमरसाबरोबर खायचे. इटलीच्या दक्षिणेला, कॅलाब्रियात, लोखंडाच्या बारीक सळईवर पीठ वळून असाच पोकळ पास्ता करतात, त्याची चित्रफीत मी तिला दाखवली. तिनं ती दोनदा पाहिली आणि म्हणाली, ‘पीठ जरा सैल आहे हिचं.’

बारी या बंदराच्या जुन्या वस्तीत बायका आजही गल्लीत, दाराबाहेर टेबल मांडून ओरेकिएत्ते करत बसतात. पिठाची वळकटी, तिचे सुरीनं कापलेले तुकडे, सुरीच्याच पात्यानं एक ओढ आणि अंगठ्यावर उलटं करून टोपी. जाळीच्या चौकटींवर ते वाळत पडलेले असतात. अंडं नाही, दूध नाही. रवा आणि पाणी. अंड्याचा पास्ता उत्तरेचा, एमिलिया-रोमान्याच्या दुधातुपाच्या मुलखातला. दक्षिणेचा गरीब, कोरडा, उन्हाचा प्रदेश रव्या-पाण्यावर भागवतो. आत्याच्या माजघराशी त्याचं नातं आहे ते धान्यामुळे. ड्युरम नावाचा जो कठीण गहू आहे, तो दळताना सहजी पीठ होत नाही, आधी त्याचे कणीदार तुकडे होतात. त्याचा रवा पिवळसर निघतो, भिजवला की चिवट होतो, आणि त्याचं वळवट वाळल्यावर टिकतं. हाच गहू आपल्याकडे बन्सी म्हणून दख्खनच्या काळ्या रानात, पावसाच्या आणि जमिनीतल्या ओलीच्या भरवशावर पिढ्यान् पिढ्या पिकत आला आहे. धान्याचा स्वभाव सारखा, ऊन सारखं, मग बायकांच्या बोटांना सुचलेल्या युक्त्याही सारख्या निघाल्या तर त्यात कुणी कुणाचं उचललं हे शोधत बसायची मला गरज वाटत नाही.

तरी उचलाउचलीच्या गोष्टी लोकांना आवडतात. मार्को पोलोनं चीनहून पास्ता आणला ही त्यातली सगळ्यात चलाख. तिला खरा जोर आला तो १९२९ साली अमेरिकेतल्या मॅकरोनी कारखानदारांच्या मासिकातून. प्रत्यक्षात मार्को पोलोचा जन्म व्हायच्या शंभर वर्षं आधी, ११५४ मध्ये, अल्-इद्रिसी या अरब भूगोलकारानं सिसिलीतल्या त्राबिया गावी तयार होणाऱ्या आणि जहाजं भरभरून परमुलखात जाणाऱ्या शेवयांची नोंद करून ठेवली आहे. टोमॅटो तर फारच उशिरा आला. अमेरिका खंडातून आलेल्या या फळाकडे इटालियन लोक बराच काळ संशयानं बघत होते. नेपल्सच्या एका सरदारानं, इप्पोलितो काव्हालकांतीनं, १८३९ च्या आपल्या पाकपुस्तकात टोमॅटोतल्या शेवया लिहिल्या, तोवर अल्-इद्रिसीच्या शेवयांना जवळजवळ सातशे वर्षं झाली होती. आपल्याकडच्या ‘हे आपलं नाही’वाल्यांना मी हा हिशेब ऐकवते. इटालियनांचंही ते असं अलीकडचंच आहे.

गव्हाच्या बाबतीत मात्र इटली कडक. वाळवलेला पास्ता ड्युरमचाच असला पाहिजे असा कायदा त्यांनी १९६७ मध्ये केला. दुसऱ्या देशांतून येणाऱ्या पास्त्याला तो लावता येणार नाही, असं युरोपच्या न्यायालयानं १९८८ मध्ये सांगितलं, पण घरच्या कारखान्यांना तो नियम राहिलाच. आपल्या दुकानातली पुडी उलटून पाहिली तर घटकांत कधी ड्युरमचा रवा दिसतो, कधी साधा रवा, कधी चक्क मैदा. पोटाला चिकटण्याची तक्रार खरी कुठली असेल, तर ती त्या शेवटच्या पुडीची.

आता घरच्या पिठाकडे येते. दोन भाग बन्सीचा बारीक रवा, एक भाग खपली गव्हाचं पीठ, असं माझं प्रमाण. चौघांना दोनशे ग्रॅम रवा आणि शंभर ग्रॅम खपली धरा, आणि पाणी साधारण दीडशे मिलिलिटर. आपला बाजारचा रवा इटालियनांच्यापेक्षा जाडसर असतो, म्हणून तो मिक्सरमधून एकदा फिरवून घेते. नुसत्या खपलीचा पास्ता वळायला सोपा आणि उकळत्या पाण्यात फसवा. खपलीत ग्लुटेन असतं, पण त्याची पकड ढिली. पाण्यात गेलं की ते पीठ सुटायला लागतं. बन्सी त्याला धरून ठेवतो. खपली मधुमेहावर औषध आहे, खपलीत ग्लुटेनच नाही, असं छातीठोक सांगून दामदुप्पट दरानं ती विकणारे हल्ली जागोजागी भेटतात. ज्यांना ग्लुटेन वर्ज्य आहे, त्यांनी त्यांच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. मी खपली घालते ती चवीसाठी. तिला भाजल्यासारखा, किंचित गोड वास आहे. सांगली-कोल्हापूरकडे लग्नाकार्याच्या पंगतीत खपलीची खीर वाढतात, त्या खिरीच्या वाफेत हा वास असतो.

या खपलीची एक हकिगत मला फार आवडते. गव्हाच्या खोडावर पडणाऱ्या तांबेऱ्यानं अमेरिकेतली शेतं उजाड होत होती, तेव्हा मिनेसोटा विद्यापीठात एल्विन स्टॅकमन हा शास्त्रज्ञ तांबेऱ्याच्या जाती वेगळ्या ओळखायच्या प्रयत्नात होता. बारा प्रकारचे गहू लावायचे, त्यांवर तांबेरा सोडायचा, कुठला गहू आजारी पडतो आणि कुठला तगतो त्यावरून तांबेऱ्याची जात ठरवायची. १९२२ मध्ये त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यानं ही पद्धत मांडली. त्या बारा गव्हांत एकाचं नाव होतं ‘खपली’. तेच नाव, तसंच, रोमन लिपीत. पुढे तांबेऱ्याला तोंड देणारी जनुकं तिच्यात सापडली आणि त्यांतलं एक, एसआर १३ नावाचं, आज ड्युरम गव्हाच्या पैदाशीत महत्त्वाचं मानलं जातं. पास्त्याच्या गव्हाची राखण आमच्या खिरीच्या गव्हातलं जनुक करतं, म्हणजे माझ्या परातीत दोघं भेटतात ती त्यांची पहिली भेट नाही. पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेत या दोन्ही गव्हांवर दीर्घकाळ काम चाललं आहे. खपलीचं एमएसीएस २९७१ तिथलंच, आणि जवळपास पावणेपंधरा टक्के प्रथिनांचं एमएसीएस ४०२८ हे ड्युरमही तिथलंच. संस्थेवरून रोज शेकडो पुणेकर जातात. आत गव्हाची एवढी उठाठेव चालते, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असावं.

टोमॅटो मी जुन्नरकडच्या एका बाईंकडून घेते. शनिवारी सकाळी शेतकऱ्यांचा एक छोटा बाजार भरतो, तिथे त्या दोन क्रेट घेऊन येतात. टोमॅटो एकसारखे नसतात. काही देठाशी फाटलेले, काही वाकडे, साल पातळ. नारायणगावच्या बाजारातून ट्रकनं दूर जाणारा टोमॅटो जाड सालीचाच लागतो, तो तसाच घडवलेला आहे; त्यात शेतकऱ्याचा दोष नाही. पातळ सालीचा टोमॅटो दोन दिवस टिकला तर नशीब, पण तो शिजतो सुंदर.

त्यांच्या दरावरून एक गिऱ्हाईक हुज्जत घालत होतं. औषधं नाहीत, खतं नाहीत, म्हणजे तुमचा खर्च वाचला, मग भाव जास्त कसला, असा त्या गृहस्थांचा बिनतोड सवाल. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘दादा, तणनाशक मारायला एक माणूस नि एक सकाळ लागती. खुरपायला आठ बाया नि दोन दिवस. आता कुठं वाचला सांगा.’ गृहस्थ वजनकाट्याकडे बघत राहिले.

सेंद्रिय शेतीवरच्या गुळगुळीत लेखांत मला हे आठ बायांचं वाक्य कधी सापडत नाही. तिथे माती हसत असते आणि गांडुळं आनंदात असतात. प्रत्यक्षात शेतातून रसायन गेलं की त्याच्या जागी हात येतात, आणि खुरपं धरणारे हात बहुतेक बायकांचे. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन कालवून जीवामृत ढवळायचं, तेही कुणीतरी सकाळ-संध्याकाळ उभं राहून ढवळतं. पाचटाचं आच्छादन कुणीतरी पसरतं. २०१४ मध्ये पुणे परिसरात टूटा ॲब्सोल्युटा ही दक्षिण अमेरिकेतली अळी पहिल्यांदा दिसली. टोमॅटोचं माहेर तिकडचंच, त्यामुळे त्याच्या मागोमाग, उशिरा का होईना, त्याची वैरीणही येऊन पोचली. तिच्यासाठी कामगंध सापळे लावायचे, पोखरलेली पानं रोज तोडून नष्ट करायची. हेही हातांनीच. शिवाय नियमाप्रमाणे हंगामी पिकाला प्रमाणपत्र मिळायच्या आधी दोन वर्षं जमीन पालटावी लागते. त्या काळात उत्पन्न घटतं, पण माल जातो तो साध्या मालाच्याच भावात. सेंद्रिय प्रमाणपत्राचा शिक्का असलेली पुडी हातात घेताना ही दोन वर्षं डोळ्यांपुढे आणावीत. शेजारपाजारच्या शेतकऱ्यांनी एकमेकांच्या रानात जाऊन खातरजमा करायची, अशीही एक सरकारमान्य पद्धत आहे, पीजीएस नावाची. जुन्नरच्या बाईंचा गट त्यातला. गावात कोण रात्री काय फवारतं ते गावाला माहीत असतं, म्हणून मला ही पद्धत प्रयोगशाळेच्या कागदाइतकीच भरवशाची वाटते.

सेंद्रिय खाल्लं की माणूस निरोगी होतो, हे मात्र मी कुणाला सांगत नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१२ मध्ये शेकडो अभ्यास चाळून सांगितलं की कीडनाशकाचा अंश सेंद्रिय मालात कमी सापडतो, पण पोषण जास्त असल्याचा भक्कम पुरावा नाही. दोन वर्षांनी दुसऱ्या एका गटानं अँटिऑक्सिडंट जास्त असल्याचं मांडलं. हा वाद चालू राहील. आणि सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, असंही नसतं. मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण, जे कोकणातल्या प्रत्येक सुपारीवाल्याला ठाऊक आहे, ते सेंद्रिय शेतीतही मर्यादेत चालतं. मला पुरतो तो अंश कमी असल्याचा भाग, त्या औषधाचा पंप पाठीवर घेऊन फिरणारं माणूस कमी झाल्याचा भाग, आणि चव.

चव कशी राखायची, तर हात आवरून. टोमॅटो धुऊन अर्धे करायचे आणि किसणीच्या मोठ्या भोकांवर किसायचे. गर खाली पडतो आणि साल तळहातात राहते. ना ब्लांच करण्याची कटकट, ना मिक्सरचा फेस. पसरट कढईत करडईचं घाण्याचं तेल, बेताचं तापलेलं, त्यात ठेचलेला गावठी लसूण. तो लाल होऊ द्यायचा नाही, इथे आपल्या फोडणीची सवय आड येते. ऑलिव्ह तेल कुणी दिलं तर वरून घालते, पण पास्त्यासाठी समुद्रापलीकडून तेल आणलंच पाहिजे असं मला वाटत नाही. सोलापूर-मराठवाड्याची करडई आपला वास पुढे करत नाही, टोमॅटोला बोलू देते. मग किसलेला गर, मीठ, एखादी सुकी मिरची, आणि कडेनं तेल सुटेपर्यंत मंद आच. टोमॅटोचा लाल रंग ज्यानं येतो ते लायकोपिन शिजल्यावर आणि तेलाच्या संगतीत अंगी जास्त लागतं. म्हणजे कच्च्या कोशिंबिरीपुढे ही कढई कमी पौष्टिक असं मानायचं कारण नाही.

थंडीत यात ओले पावटे घालते. इटलीत शेंगभाज्यांचे दाणे घालून केलेला पास्ता हे शेतकऱ्याचं जेवण आहे, आणि त्यातला शहाणपणा आपल्या वरणफळांतला आहे. गव्हाच्या प्रथिनात लायसीन कमी, ते डाळी-कडधान्यांत भरपूर. दोन्ही एका ताटात आली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. ‘व्हाइट सॉस’च्या पास्त्यानंतर जी दोन तासांत भूक लागते, ती या पास्त्यानंतर लागत नाही.

तुळशीच्या जागी मी सब्जा वापरते. इटालियनांची बेसिल आणि आपला सब्जा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं एकच जात. आपली वृंदावनातली तुळस वेगळी. फालुद्यासाठी आणलेलं बी कुंडीत टाकलं तर महिन्या-दीड महिन्यात पानं खुडता येतात. त्यांना जिनोव्हाच्या बेसिलपेक्षा लवंग-बडीशेपेचा वास जरा जास्त, पण माझी काही तक्रार नाही. चीजची अडचण वेगळी. खरं पार्मेझान वासराच्या जठरातल्या रेनेटवर विरजतात, तो त्यांचा नियमच आहे, आणि आमच्या घरात सासूबाई शाकाहारी. दक्षिण इटलीतल्या गरिबांना चीज परवडत नसे, तेव्हा ते शिळ्या पावाचा चुरा तेलात खरपूस परतून पास्त्यावर भुरभुरत. मी तेच करते. कुरकुरीत, खमंग, आणि शिळा पावही मार्गी लागतो.

वळायला मात्र सगळ्यांना बसवते. नवरा एका मापाचा एक तुकडा करत नाही. मुलगी व्हिडिओ बघून सुरीनं ओरेकिएत्ते ओढते. सासूबाईंची बोटं सांध्यांशी सुजलेली आहेत, तरी त्यांचा नखुला साच्यातून काढल्यासारखा पडतो. त्यांना एकच गोष्ट मंजूर नाही. ‘वळवटाला लसणाचा वास? अगं, दुधागुळात शिजतात ते.’ त्यांच्या लेखी हे शुभकार्याचं अन्न आहे आणि मी त्याला रोजच्या जेवणात ओढून बाटवते आहे. त्यांचं म्हणणं मी खोडून काढत नाही, कारण ते मला पूर्णपणे खोडता येत नाही.

पण वळवटाच्या दुपारी सोन्याच्या होत्या, असंही मी म्हणणार नाही. ओव्या होत्या, चेष्टामस्करी होती, आणि पाठीला रग लागेस्तोवर बसणंही होतं. ‘नको’ म्हणायची मुभा त्यांतल्या एकीलाही नव्हती. गावात शेवयांचं यंत्र आलं तेव्हा सगळ्यात खूश झाली ती माझी आत्या. खाटेच्या कडेला ते घट्ट बसवून दांडा फिरवताना ती म्हणाली होती, ‘हे माझ्या सासूच्या वेळी का नाही निघालं?’ म्हणून आठवड्याच्या मधल्या वारी मी बिनदिक्कत ड्युरमची पुडी फोडते. हाताचं काम सणासारखं अधूनमधून, आणि घरातल्या सगळ्या हातांनी केलेलं असलं तरच त्याचं कौतुक करावं.

उकळण्यात फार शास्त्र नाही. मोठं पातेलं, भरपूर पाणी, लिटरमागे साधारण दहा ग्रॅम मीठ. नखुले वर तरंगले की लगेच काढायचे नाहीत. एक तोडून बघायचा, मधला पांढरा ठिपका जाईस्तोवर थांबायचं, आणि चावताना थोडा प्रतिकार उरला असतानाच काढायचे. असा दाताला लागणारा पास्ता पोटात हळू पचतो, रक्तातली साखर त्यानं एकदम चढत नाही. झाऱ्यानं काढून ते थेट कढईत टाकायचे, आणि सोबत डावभर ते पिठूळ पाणी. हे पाणी ओतून देणाऱ्याला पास्त्याचं मर्म कळलं नाही. त्यातल्या स्टार्चमुळे तेल आणि टोमॅटोचा रस एकजीव होतो आणि नखुल्याच्या वाटीत बसतो. क्रीमची गरज इथेच संपते. सब्ज्याची पानं आच बंद केल्यावर.

सासूबाईंनी ताट पुढे ओढलं, पावटा बोटानं दाबून पाहिला. ‘वरणफळंच केलीस की. मग तूप कुठाय?’ आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी चमचाभर साजूक तूप सोडलं. मुलीनं कपाळाला हात लावला, पण बोलोन्याकडे पास्त्यावर लोणी घालतातच, त्यामुळे मी गप्प बसले. थोड्या वेळानं मुलीनंही तुपाची वाटी आपल्याकडे घेतली.

उरलेल्या पास्त्याचं दुसऱ्या दिवशी काय करायचं, याचं नेपल्समधलं उत्तर असं की अंडी फेटून त्यात तो घालायचा आणि जाड थालीपीठ भाजायचं. आमच्याकडचं उत्तर मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता आणि दाण्याचं कूट. नवरा ते आदल्या रात्रीच्या पास्त्यापेक्षा जास्त खातो आणि दर वेळी ‘असाच करत जा ना सरळ’ म्हणतो. उकडण्याच्या पातेल्याला बुडाशी चिकटलेला रवा मात्र रात्रभर भिजत घालावा लागतो, आणि सकाळी ते पातेलं कुणी घासायचं यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही.